खडकावरचा गळ आणि पाण्याखालचा भाला

कृष्णाकांठच्या गांवांत पोहणें शिकविण्याचा वर्ग पूर्वीं कोणी काढीत नसे. वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली, कोठल्याहि घाटावर उन्हाळ्याच्या सुट्टींत जावें, तों पाठीला सुकलेला भोपळा नाहीं तर पत्र्याचा रिकामा डबा बांधलेलीं पोरें पाण्यांत हातपाय झाडतांना दिसत. आठ-पंधरा दिवसांत भोपळा सुटे, महिन्याभरांत वरच्या पायरीवरून मुटका मारण्यापर्यंत मजल जाई, आणि मग खरी परीक्षा सुरू होई ती बुडीची. कोणी वडीलधाऱ्यानें पाण्यांत पैसा टाकावा, आणि तो गाळांत दिसेनासा होण्यापूर्वीं पोरानें उघड्या डोळ्यांनीं तळाशीं जाऊन तो वर आणावा. श्वास कोंडून कोण किती वेळ राहतो याची पैज लागे, आणि पैज जिंकणाऱ्याला दुसऱ्या दिवसापर्यंत गांवांत मान असे.

त्याच घाटाच्या खालच्या अंगाला भोई पहांटेसच आपलें जाळें ओढून गेलेला असे. थोडें पलीकडे, बाभळीच्या सावलींत, एखादा गळवाला दोरीकडे डोळा लावून बसलेला असे. पोरें पोहत त्या बाजूला गेलीं कीं तो नुसता हात हालवी आणि पोरें परत फिरत. वरच्या पायऱ्यांवर स्नानसंध्या चाले, खालच्या पायऱ्यांवर धुणीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत मासा कधीं आला नसेल. परंतु मासे धरणारा आणि अर्घ्य देणारा हे दोघे एकाच पाण्याचे वाटेकरी होते, आणि ही वाटणी कोणीं कागदावर लिहून ठेविली नसतांहि सर्वांना ठाऊक होती. कोणाची वेळ कोणती आणि कोणाची जागा कोणती, एवढ्यावर ती चालत असे.

हल्लीं या पाण्यांत वाढलेलीं मुलें नोकरीधंद्याला लागलीं म्हणजे सुट्टी मिळतांच घाट उतरून कोंकणांत जातात. साताऱ्याकडून पाटण-कोयनानगर करून कुंभार्ली घाटानें चिपळुणास, सांगलीकडून आंबा घाटानें रत्नागिरीस, किंवा गगनबावड्यावरून थेट मालवणास. तेथें समुद्राच्या पोटांतील सृष्टि दाखविण्याचा मोठा व्यवसायच उभा राहिला आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ खडकांवर, डोळ्यांवर कांचेचा मुखवटा चढवून, नळीनें श्वास घेत तरंगत राहिलें कीं खालीं रंगीत माशांचा बाजार भरलेला दिसतो. पहिल्या खेपेस माणूस तो पाहून थक्क होतो. दुसऱ्या खेपेस त्याला माशांचीं नांवें विचारावींशीं वाटतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेस मात्र एखाद्या धाडसी तरुणाच्या मनांत येतें कीं, नुसतें पाहत काय बसावयाचें? हातांत एखादा भाला असता तर!

या भाल्याच्या शिकारीविषयीं, आणि त्याच खडकावर दोरी टाकून बसलेल्या माणसाशीं तिचा जो संबंध येतो त्याविषयीं, कांहीं सांगावयाचें आहे. ज्यांच्या घरीं मासा शिजत नाहीं त्यांनींहि हें वाचावयास हरकत नाहीं. पाण्यांत उतरणारा मुलगा त्यांचाहि असूं शकेल.

साधनें थोडीं लागतात. कांचेचा मुखवटा, तोंडांत धरावयाची वांकडी नळी, पायांत बदकाच्या पंजांसारखे रबरी पंख, आणि भाला. हा भाला कधीं नुसता लांब दांडा असून त्याच्या शेपटाला रबराचा फांस बांधलेला असतो. तो मनगटाशीं ताणून सोडावयाचा. कधीं तो लांकडी वा धातूच्या बंदुकींत बसवून जाड रबराच्या ताणानें सोडतात, आणि त्याला पाठीमागें दोरी असते. पाठीवर हवेची टांकी नसते. जेवढा श्वास छातींत मावेल तेवढ्यावर खालीं जावयाचें, खडकाच्या कपारीशीं क्षणभर स्थिर राहावयाचें, आणि श्वास संपण्यापूर्वीं वर यावयाचें. टांकी बांधून भाला मारणें अनेक देशांत गैर, आणि इटलीसारख्या कांहीं देशांत बेकायदा ठरविलें आहे. माशाला पळावयास संधि उरत नाहीं, हें त्याचें कारण.

भाल्यानें मासा मारणें हें मनुष्याला अश्मयुगापासून ठाऊक आहे. पण हौसेचा खेळ म्हणून त्याचा प्रसार झाला तो फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, १९३० नंतरच्या दशकांत. गाय गिल्पॅट्रिक नांवाच्या अमेरिकन लेखकानें वैमानिकाच्या चष्म्याच्या भेगा बुजवून तो पाण्यांत वापरावयास सुरुवात केली, आणि १९३८ सालीं या छंदावर पुस्तकच लिहिलें. त्याच्या आदल्या वर्षीं हान्स हास या ऑस्ट्रियन विद्यार्थ्यानें त्याला तेथें शिकार करतांना पाहिलें आणि स्वतःहि भाला उचलला. पुढें या हासनें भाला सोडून कॅमेरा हातीं घेतला आणि पाण्याखालच्या चित्रणांत जगभर नांव मिळविलें. या छंदांत पडलेल्या अनेकांचा प्रवास पुढें याच वाटेनें झाला आहे.

कांठावर उभें राहून भाला फेकणें आणि पाण्यांत शिरून तो सोडणें यांत मोठाच फरक आहे. पेल्यांतील पाण्यांत उभी केलेली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते हें आपण शाळेंत पाहिलेलें असतें. तोच प्रकार येथें. कांठावरून पाहणाऱ्याला मासा जेथें दिसतो त्याच्या खालीं तो खरोखर असतो, म्हणून नेम माशाच्या खालींच धरावा लागतो. मुखवटा लावून पाण्यांत शिरलें तरी कांचेमागच्या हवेमुळें फसवणूक होतेच. प्रत्येक वस्तु सुमारें एकतृतीयांशानें मोठी आणि एकचतुर्थांशानें जवळ भासते. परत आलेल्या शिकाऱ्याच्या तोंडचा मासा नेहमींच मोठा कां असतो याचें अर्धें उत्तर या नियमांत आहे. उरलेलें अर्धें मनुष्यस्वभावांत. द्रौपदीस्वयंवराच्या लोकप्रसिद्ध कथेंत अर्जुन पाण्यांतील प्रतिबिंब पाहून वरचा मासा वेधतो. खुद्द पाण्यांतलाच मासा वेधण्याचा पण द्रुपदानें लावला असता तर पंडितांचें काम बरेंच अवघड झालें असतें.

आतां ज्यांची ही शिकार, त्या माशांकडे वळूं. समुद्रांतले मासे सारखे नव्हेत. बांगडा आणि तारली हे वारकरी. झुंडीनें येतात, ऋतु संपला कीं जातात; यंदा या बंदरीं, तर पुढच्या महिन्यांत दुसऱ्या. उथळ खडकांतील मासे मात्र घरंदाज. त्यांत मुख्य गोबरा, ज्याला मालवणकडे हेकरू म्हणतात. जाड ओठांचा, ठिपक्यांच्या अंगाचा हा मासा आपली एक कपार पकडतो आणि तिच्याच दाराशीं बसून राहतो. याच जातकुळींतला एक प्रचंड आकाराचा गोबरा आपल्याकडे २००१ सालीं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादींत घातला गेला आहे. गोबऱ्याच्या शेजारपाजारीं तांबोशी असते, कपारींत शेवंड असतात, वाळूंत अंग पुरून पाकट पडलेलें असतें. बांगड्याचा थवा एका जाळ्यांत गेला तर दुसरा थवा मागून येतो. खडकावरचा मोठा गोबरा गेला तर त्याची कपार कित्येक दिवस ओस पडते.

शिवाय या गोबऱ्याच्या आयुष्यांत एक विलक्षण गोष्ट आहे. बहुतेक गोबरे जन्मतः मादी असतात. कांहीं वर्षें अंडीं घातल्यावर, अंगानें मोठे झाल्यावर, त्यांतले कांहीं नर बनतात. म्हणजे खडकावरचे सर्वांत थोर मासे बहुधा नर, आणि तेहि मोजकेच. भालेवाल्याच्या डोळ्यांत पहिला भरतो तो नेमका तोच. पांच-सात शिकाऱ्यांनीं एका हंगामांत एका खडकावरचे मोठे मासे तेवढे उचलले, तर मागें लहान माद्यांचा समुदाय उरतो खरा, पण त्यांच्यांतून नवा नर तयार होईपर्यंत अंडीं फुकट जाण्याचा संभव राहतो. वरून पाहणाऱ्याला खडक पूर्वींइतकाच गजबजलेला दिसतो. झालेली हानि कळते ती कांहीं वर्षांनीं, आणि तीहि प्रथम कळते खडकावर रोज बसणाऱ्या गळवाल्याला.

त्याच्या कामाला कोंकणांत 'गरवणें' म्हणतात, गळाला 'गरी'. या माणसाजवळ पाहावयास कांहीं नसतें. दोरी, शिशाचा तुकडा, डब्यांत आमिष म्हणून कोळंबी किंवा माशाचा तुकडा. पण त्याच्या डोक्यांत समुद्राचें वेळापत्रक पक्कें असतें. उधाण कोणतें, भांग कोणती, भरतीच्या कितव्या घटकेला मासा कपारीबाहेर येतो, हें त्याला विचारावें. कोंकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे, तो ज्यांच्या घरीं पंचांग आहे त्यांना सहज करतां येईल. तिथीची संख्या घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जें उत्तर येईल तितक्या वाजतां साधारण पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळीं आणि संध्याकाळीं सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ठिकाणाठिकाणाप्रमाणें थोडें मागेंपुढें होतें, परंतु दिवसाचा बेत आंखण्यास एवढें पुरतें. आमच्या घरांतून पंचांग एकादशी आणि मुहूर्त पाहण्यापुरतेंच उघडलें जातें. त्यांत समुद्राची घड्याळ दडलेली आहे हें फार थोड्यांच्या लक्षांत येतें.

तर असा हा गरवणारा पहांटेपासून एका टोंकावर बसलेला आहे. त्यानें तीन ठिकाणीं दोऱ्या टाकल्या आहेत, तास दीड तास वाट पाहिली आहे, आणि आतां भरती लागून मासा हालूं लागला आहे. इतक्यांत शहरांतून आलेला एक तरुण, अंगांत काळा रबरी पोषाख, हातांत भाला, त्याच्याच पायाखालच्या खडकावरून धपकन पाण्यांत उडी घेतो आणि त्याच्या दोऱ्यांमधून पोहत जातो. दहा मिनिटांनीं तो वर येतो तेव्हां भाल्याच्या टोंकावर तोच गोबरा असतो. यावर त्या म्हाताऱ्यानें शिव्या दिल्या तर नवल काय? आणि शिव्यांपेक्षां अधिक वाईट गोष्टीहि घडूं शकतात. फेकलेल्या शिशाचा फटका डोक्याला बसूं शकतो. गरी रबरांत आणि मग मांसांत रुतूं शकते. दोरी पायांत अडकली, श्वास संपत आला, तर काय होईल हें सांगावयास नको.

ज्या देशांत हा खेळ जुना झाला आहे तेथें अशा भांडणांतून कायदे निघाले. इटलीचे नियम मननीय आहेत. स्नान करणारे लोक ज्या वाळवंटावर असतात त्याच्यापासून पांचशें मीटरांच्या आंत भाला चालवावयाचा नाहीं. लावलेल्या जाळ्यांपासून शंभर मीटर दूर राहावयाचें. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिकार बंद. पाण्यावर तांबडें, पांढऱ्या तिरप्या पट्ट्याचें निशाण तरंगत ठेवावयाचें, आणि त्याच्यापासून पन्नास मीटरांच्या आंतच राहावयाचें. एका माणसानें दिवसाकाठीं मासे किती मारावे यालाहि मर्यादा आहे, आणि गोबऱ्याच्या जातीचा मासा तर एकच. हा शेवटचा नियम करणाऱ्यानें गोबऱ्याचा स्वभाव नीट पाहिलेला असावा.

ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांताची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथें ब्लू ग्रोपर नांवाचा निळा, धिप्पाड, माणसाळू मासा उथळ खडकांवर राहतो. पोहणाऱ्याच्या मागें कुतूहलानें फिरतो, हातांतून खातो. आणि त्याचेंहि आयुष्य मादीपासून सुरू होऊन मोठेपणीं नर होण्याचेंच आहे. भाल्यापुढें हा अगदींच निराधार. १९६९ सालीं त्याच्या शिकारीवर पूर्ण बंदी घातली गेली. १९७४ मध्यें गळाला पुन्हां मोकळीक दिली, भाल्याला नाहीं. म्हणजे एकाच माशापुरता, एकाच पाण्यांत, गळ आणि भाला यांत कायद्यानें भेद केला. पुढें ३० डिसेंबर २०२३ रोजीं सिडनीच्या दक्षिणेस क्रोनला येथें लोकांच्या आवडीचा एक ग्रोपर, ज्याला त्यांनीं 'गस' असें नांव ठेविलें होतें, कोणीं तरी भाल्यानें मारला. एवढा संताप उसळला कीं १९२४ च्या नव्हे, या आपल्या काळच्या, म्हणजे २०२४ च्या फेब्रुवारींत सरकारनें वर्षभर गळालाहि बंदी केली. भालेवाल्याच्या अपराधाची शिक्षा गळवाल्यानेंहि भोगली, असें तेथील गळवाले म्हणाले असतील तर त्यांना दोष देतां येणार नाहीं.

पण हा भेद योग्य कीं अयोग्य? भाल्याच्या बाजूनें बोलणारे म्हणतात, आणि तें खरें आहे, कीं भाला निवड करितो. पाहून, ओळखून, मोजून एकच मासा मारावयाचा. नको असलेली पोरें, अंडीं घातलेली शेवंड, परक्या जातीचे मासे यांना धक्का लागत नाहीं. गळाला काय लागेल याचा नेम नसतो आणि जाळें तर सर्वच उचलतें. उलट, गळाला लागलेला मासा सोडून देतां येतो, भाला लागलेला येत नाहीं. आमच्या मतें यांतून निघणारा निष्कर्ष भालेवाल्याला सोयीचा नाहीं. ज्याला निवडतां येतें त्याच्यावर निवडीची जबाबदारी अधिक पडते. गळवाल्याला 'चुकून लागला' म्हणण्याची सोय आहे. भालेवाल्याला ती सवलत नाहीं. सर्वांत मोठा मासा समोर असतां तो सोडून मधल्या आकाराचा मारणें हें त्याला जमलें पाहिजे.

नदीच्या बाबतींत आपणहि हा धडा वेगळ्या रूपानें पाहिलेला आहे. घाटमाथ्याच्या ओढ्यांतून पहिल्या पावसांत मासे अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाच्या वर चढतात. या 'चढणीच्या माशां'वर रात्रीं बत्त्या घेऊन कोयत्यांनीं, काठ्यांनीं तुटून पडण्याची चाल कोंकणांत आणि सह्याद्रीच्या कुशींतील खेड्यांत आहे. मौजेची रात्र असते यांत शंका नाहीं. पण मारल्या जाणाऱ्या माशांपैकीं पुष्कळ अंड्यांनीं भरलेले असतात. सुरुंग आणि विष घालून डोह मारणें तर १८९७ सालच्या कायद्यानेंच गुन्हा ठरलें होतें. विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानें १८३९ मध्यें दख्खनच्या माशांचें वर्णन केलें, तेव्हां मुळा-मुठेच्या पाण्यांतील महाशिराच्या जातीला 'खुद्री' हें येथलेंच नांव शास्त्रांत देऊन टाकलें. हा खुद्री कृष्णेच्या खोऱ्यांतलाहि. लोणावळ्याच्या वळवण तलावाशीं टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतर त्याची पैदास सुरू केली. आणि त्याला गळानें धरून, पाहून, पुन्हां पाण्यांत सोडणारे हौशी लोक आज बरेच आहेत. मात्र मार्च २०२३ मध्यें सांगलीजवळ कृष्णेंत मेलेल्या माशांचा खच तरंगूं लागला, त्या दिवशीं कोणाच्या हातांत गळ आहे आणि कोणाच्या हातांत जाळें, या प्रश्नाला अर्थच उरला नव्हता.

पुन्हां किनाऱ्याकडे. मालवणच्या समुद्राचा कांहीं भाग १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारें एकोणतीस चौरस किलोमीटर, आणि त्यांतील गाभ्याचा भाग सिंधुदुर्ग किल्ल्याच्या सभोंवतीं. आपल्या पोटावर पाय येईल म्हणून तेथील मच्छीमारांनीं या अभयारण्याला विरोध केला आहे. अशा ठिकाणीं बाहेरून आलेल्या हौशी माणसानें भाला घेऊन उतरण्याचा विचारहि करूं नये. इतरत्र उतरावयाचें असेल तर आधीं वनखात्याच्या आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरींत चौकशी करावी, आणि त्याहूनहि आधीं गांवांतल्या मच्छीमारांना विचारावें. याच किनाऱ्यावर 'रापण' म्हणून मोठें ओढजाळें आहे. तें गांवचे लोक मिळून वाळूवरून ओढतात आणि आलेल्या माशांचे वांटे पाडतात. रापण पाण्यांत असतां तिच्या पुढ्यांत पोहणें म्हणजे मांडलेल्या पंगतींतून चपला घालून जाणें. पारंपरिक मच्छीमारांचें मोठें भांडण पर्ससीन जाळ्यांच्या बड्या नौकांशीं आहे, आणि फेब्रुवारी २०१६ मध्यें सरकारला त्या जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले. त्या मानानें आपला एक भाला कःपदार्थ. तरीहि जो पोटाकरितां बसला आहे त्याच्या पाण्यांत आपण हौसेकरितां उतरत आहों, एवढें भान ठेवलें तर पुष्कळ कटकटी टळतात.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील एका खडकावर आम्हीं पाहिलेला प्रसंग येथें सांगण्याजोगा आहे. सांगलीकडचा एक तरुण पाण्यांत उतरण्यापूर्वीं गरवणाऱ्या वृद्धाजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, मी इथून उतरूं कीं पलीकडून?" वृद्धानें त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलें. "झिला, जातंस तर जा. पण माजी दोरी खंय आसा ती आदी बघून घे." तरुणानें पाहून घेतलें. मग तांबडा बोया दाखवून म्हणाला, "हा दिसतो ना? मी त्याच्या आसपासच आहें." त्यावर म्हाताऱ्याचें उत्तर, "दिसता. पण वर इलंस काय माका हात दाखव."

हें शेवटचें वाक्य त्यानें सहज उच्चारलें. पण या खेळांतील सर्वांत मोठ्या धोक्याचें उत्तर त्यांत आहे. तो धोका शार्कचा नाहीं, पाकटाच्या कांट्याचाहि नाहीं. पाकटाचा कांटा लागला तर सोसवेल तितक्या गरम पाण्यांत पाय बुडवून ठेवावा आणि डॉक्टर गांठावा. वेदना भयंकर, पण निभावून जातें. खरा धोका श्वासाचा आहे, आणि तो पट्टीच्या पोहणाऱ्यालाच अधिक आहे.

श्वास कोंडला असतां जी तळमळ होते ती प्राणवायु संपल्याची नसते. रक्तांत कार्बन डाय-ऑक्साइड साठल्याची ती सूचना असते. कृष्णेंत पैज लावणारीं पोरें बुडीपूर्वीं भरभर दहा-वीस श्वास घेत, आजहि घेतात. त्यानें प्राणवायूचा सांठा फारसा वाढत नाहीं, फक्त कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर जातो, म्हणजे सूचना देणारी घंटाच काढून टाकल्यासारखें होतें. मग मनुष्य तळमळ न होतां खालीं राहतो, आणि प्राणवायु मुकाट्यानें संपतो. त्यांत दाबाची भर पडते. तेहतीस फूट खोलीवर पाण्याचा व हवेचा मिळून दाब दुप्पट होतो; त्यामुळें छातींतल्या थोड्या प्राणवायूचाहि जोर तेथें पुरेसा असतो आणि शिकाऱ्याला बरें वाटत राहतें. तो वर येऊं लागला कीं दाब उतरतो, प्राणवायूचा जोर एकदम निम्म्यावर येतो, आणि शेवटच्या कांहीं फुटांत, किंवा डोकें पाण्याबाहेर काढल्यावरहि, दिव्याची ज्योत मालवावी तशी शुद्ध जाते. हांक नाहीं, धडपड नाहीं. कांठावरच्या माणसाला वाटतें, पोरगा निवांत तरंगत आहे. गोबरा कपारींत शिरला, भाला त्यांत अडकला, आणि 'आणखी एक क्षण' म्हणून माणूस थांबला, कीं हें घडतें.

यावर उपाय एकच मानला जातो. एक खालीं, एक वर. खालचा वर आल्यावर निदान अर्धा मिनिट त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहावयाचें. शुद्ध हरपली तर तोंड पाण्यावर धरून, मुखवटा काढून, गालावर थोपटून नांवानें हांक मारावयाची. बहुतेक वेळां तेवढ्यानें श्वास परत येतो, न आल्यास तोंडानें श्वास द्यावयाचा आणि कांठाला आणावयाचें. दोन बुड्यांच्या मध्यें, खालीं राहिलों त्याच्या दुप्पट वेळ तरी वर विसावा घ्यावयाचा. बुडीपूर्वीं भरभर श्वास घ्यावयाचे नाहींत. घरांतल्या वडील मंडळींनीं मुलाला समुद्रावर जाऊं नको म्हणून अडवूं नये, तो ऐकणार नाहीं. 'बरोबर कोण आहे, आणि तूं खालीं असतांना तो कोठें असतो?' एवढें मात्र जरूर विचारावें. दोघेहि एकदम खालीं जातात असें उत्तर आलें तर बरोबर कोणी नाहीं असेंच समजावें.

सोबती पाण्यांत असलाच पाहिजे, त्याच्या ऐवजीं कांठावरचा माणूस चालत नाहीं. परंतु लाट, भरती, नौकेचा आवाज, बोया वाहत चालल्याची खूण, हीं खालच्या दोघांनाहि दिसत नाहींत. खडकावर बसलेल्याला दिसतात. त्याचें काम पाण्याच्या पृष्ठभागाकडे टक लावून बसण्याचेंच आहे. ज्याच्याशीं सकाळीं भांडलों त्याचें लक्ष आपल्या बोयाकडे राहील ही अपेक्षा व्यर्थ आहे.

त्या तरुणानें पहिल्याच बुडीनंतर हात वर केला, आणि म्हाताऱ्यानेंहि दोरी न सोडतां डावा हात वर केला. हें तासभर चाललें. बाहेर येतांना तरुणानें दोऱ्यांना वळसा घालून लांबची वाट धरली, पाण्यांत असतांनाच भाल्याचें रबर सैल केलें आणि टोंकावर बूच बसविलें. त्याच्याजवळ एकच तांबोशी होती. त्यानें म्हाताऱ्याला सांगितलें कीं तिन्ही दोऱ्या उघड्या वाळूवर पडल्या आहेत, मासे डाव्या हाताच्या भेगेशीं आहेत, आणि त्या भेगेंत एक भला मोठा हेकरू बसला आहे. "मगे मारलंस नाय तो?" म्हाताऱ्यानें विचारलें. तरुण हंसला. मासा खडकावर साफ करून त्यानें आंतडीं म्हाताऱ्याच्या आमिषाच्या डब्यांत टाकलीं. म्हाताऱ्यानें एक दोरी ओढून घेतली, गरीला नवें आमिष लावलें, आणि ती डावीकडे फेकली.